वर्ज्य हात

माझ्या थुंकीमुळं शाळेच्या शर्टांनी भरलेला अख्खा कंटेनर युरोपातल्या बंदरावरून माघारी आला. हसू आलं ना? हसा, हसा. मी पण हसले होते. भाग्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, ही बया सकाळी सकाळी चेष्टा करतेय. मग तिकडून हुंदका ऐकू आला आणि माझं हसू घशातच राहिलं.

भाग्या म्हणजे भाग्यलक्ष्मी, माझी पाठची बहीण. सोलापूरच्या पूर्वभागात तिचं शिलाईचं युनिट होतं. पन्नास-साठ बाया मशिनवर बसायच्या. मी, राजमणी येमुल, त्यांच्यात नव्हते. आमचे हे टॉवेलच्या मागावर उभ्याउभ्या कोसळले आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून त्यांना एकटं टाकून मला चौकापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं. म्हणून भाग्या गठ्ठे माझ्या घरी पोचवायची आणि मी कॉलरची बटणं लावून द्यायची. त्या कंपनीला ती बटणं हातानंच लावलेली हवी असायची, मशिनची टिकत नाहीत म्हणे. गठ्ठे यायचे भाजीच्या पिशवीतून, वर मेथी आणि खाली शर्ट, कारण हे काम बेकायदा होतं.

बेकायदा कसं, ते सांगते. पूर्वी कुठल्याशा देशात कुलूप लावलेल्या कारखान्यात बाया जळून मेल्या, कुठं लहान पोरांकडून शिवून घेतलं, की तिकडची मोठमोठी दुकानं हात वर करायची. आम्ही कपडा विकत घेतला, शिवला कुणी ते आम्हाला काय ठाऊक? मग साखळी कायदा आला. कापसापासून दुकानापर्यंत जेवढे हात लागतील तेवढ्यांची नोंद पाहिजे, प्रत्येकाचं वय, पगार, कामाचे तास कळले पाहिजेत, आणि मधे कुठंही काळंबेरं निघालं तर शिक्षा सगळ्यात वरच्या दुकानाला. चांगला कायदा, खोटं कशाला बोलू? पण वरचा लै शहाणा. त्यानं ती शिक्षा करार करून खालच्याच्या गळ्यात बांधली, खालच्यानं त्याच्या खालच्याच्या, आणि सगळं ओझं घरंगळत येऊन थांबलं ते भाग्याच्या टेबलावर. घरी बसून शिवणाऱ्या बाईचे तास कोण मोजणार? त्यापेक्षा घरकामच नको, असं कंपनीनं एका ओळीत लिहून टाकलं. आमचं भलं करायला निघालेल्या कायद्यानं सगळ्यात आधी आमच्याच हातातली सुई काढून घेतली. ती ओळ लिहिणाऱ्याला एकदा माझ्या घरी आणून ह्यांचं अंथरूण बदलायला लावावं, असं मला फार वाटायचं. अजून वाटतं.

आता नुसत्या लिहून दिलेल्यावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून यंत्र आलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आमच्या गल्लीत सगळे त्याला हुंग्या म्हणायचे.

हुंग्या काय करतो, ते मला सरपोतदार मॅडमनी समजावलं. त्या कंपनीच्या वकील, कंटेनर परत आल्यावर पुण्याहून आलेल्या. भाग्यानं मला युनिटमध्ये बोलावलं, म्हणून ह्यांच्याजवळ शेजारच्या अंबूबाईला बसवून मी गेले. सगळी मशिनं बंद होती. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्या ताटात माती कालवली.

"मावशी, माणसाच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सारखे झडत असतात," मॅडम म्हणाल्या. बोलणं मात्र गोड होतं त्यांचं. "प्रत्येक कणात त्या माणसाचा डीएनए असतो. कपड्यावर हात फिरला की ते कण तिथं राहतात. धुतलं तर वरचे निघून जातात, पण दोरा म्हणजे पिळलेले तंतू. त्या पिळात अडकलेलं सहज निघत नाही. हे यंत्र टाक्याचा जरासा दोरा विरघळवतं आणि त्यात किती माणसांचा डीएनए आहे ते वाचतं."

"पण मी हातमोजे घातले होते," मी म्हणाले. "केसांना टोपीसुद्धा."

"म्हणूनच तुमच्या बोटांचं काही सापडलं नाही. सापडली ती लाळ. प्रत्येक बटणाखाली."

मी गपकन तोंडावर हात ठेवला. सुई ओवायची म्हणजे दोऱ्याचं टोक तोंडात घ्यायचं, ओठांनी चपटं करायचं आणि मग नेढ्यातून घालायचं. परकर नेसत होते तेव्हापासूनची सवय. आमच्या आईची तीच, तिच्या आईची तीच, पूर्वभागातल्या झाडून सगळ्या बायांची तीच. भाग्यानं हातमोजे दिले, टोपी दिली, हजारदा बजावलं की अक्का, उघड्या हाताला कपडा लागू देऊ नकोस. दोरा चाटू नकोस, हे तिलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. जिभेला कोण मोजा घालतंय?

"लाळेत तर डीएनए भरपूर असतो," मॅडमचं चालूच होतं. "दोऱ्यानं ती आत शोषून घेतली, वर बटण बसलं, त्यामुळं धुण्यातही निघाली नाही. आम्हाला वयसुद्धा कळलं, पन्नाशीच्या आसपास. डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. वय वाढतं तशा काही पुसल्या जातात, काही नव्या चढतात. पोरांना कामाला लावलेलं त्यावरून तर पकडतात."

"माझं वय मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "पुढं बोला."

मॅडमनी पुढचं सांगितलं. नोंद असलेल्या प्रत्येकाचा नमुना हुंग्याकडं असतो, मालकिणीचासुद्धा. त्यानं माझी लाळ सगळ्यांशी ताडून बघितली आणि सांगितलं की ही परकी बाई मालकिणीची सख्खी बहीण आहे. फक्त आईकडूनच येणारा एक भाग असतो तो तंतोतंत, बाकीचा निम्म्याच्या आसपास सारखा. माझी ओळखपाळख नाही, असं म्हणायची भाग्याची सोयच राहिली नव्हती.

मग मॅडमनी आम्हा दोघींना दोन खोल्यांत बसवलं. भाग्या तिच्या ऑफिसात, मी कटिंगच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये. आधी त्या माझ्याकडं आल्या.

"तुमच्यापुढं दोन वाटा आहेत, मावशी. बहिणीनं मला जाणूनबुजून काम दिलं, असं तुम्ही म्हणालात तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहील. तुम्हाला धक्का लागणार नाही. युनिट बंद होईल, बहिणीवर खटला चालेल."

"आणि दुसरी?"

"दुसरी तुमच्या बहिणीच्या हातात आहे. तुम्ही तिच्या नकळत माल पळवून हात लावलात, असं तिनं शपथेवर सांगितलं, तर साखळीतली ती कडी तुटली असं धरतात. युनिट वाचतं. तुम्ही वर्ज्य ठरता, म्हणजे तुमचा हात कुठल्याही मालाला लागता कामा नये."

"आणि दोघीही गप्प बसलो तर?"

"तर चौकशी रेंगाळेल. काही महिने काम बंद राहील. पण काही सिद्ध करता येणार नाही. बहुतेक दोघीही सुटाल."

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी म्हणाले, "गठ्ठे कुणी आणून टाकले ते मला आठवत नाही. म्हातारपण आलं, डोकं चालत नाही." आणि गप्प बसले. मनात म्हणाले, भाग्याला मी कडेवर घेऊन वाढवलीय, तिचं नाक पुसलंय. पलीकडच्या खोलीत ती पण हेच म्हणत असणार.

भाग्यानं सही केली. माझ्या बहिणीनं माझ्या नकळत गठ्ठे पळवले, असं शपथेवर लिहून दिलं.

बाहेर आली तेव्हा ती जमिनीकडं बघत होती. मी सगळ्या बायांच्या देखत तिला विचारलं, "मला चोर म्हणलीस?"

"अक्का, हळू."

"हळू कशाला? ऐकू दे की सगळ्यांना. चोर म्हणलीस का नाही?"

"इतक्या बायांची घरं आहेत ओ अक्का या युनिटवर. महिनोन् महिने बंद ठेवून त्यांनी खायचं काय? मी तुला काही कमी पडू देणार नाही. शप्पथ."

"आणि माझं घर? ते कुणात मोजलंस?"

निघताना सरपोतदार मॅडम मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "तुमची वाट अजून बंद झालेली नाही. खरं सांगावंसं वाटलं तर केव्हाही फोन करा." आणि कार्ड दिलं. म्हणजे भाग्याचं युनिट त्या दिवसापासून माझ्या एका फोनवर उभं होतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

वर्ज्य होणं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. मला वाटलं होतं, काम मिळणार नाही, एवढंच. तेवढ्यावर भागलं असतं तर मी नशीब म्हणलं असतं. पण हुंग्याला एक गोष्ट कळत नाही. माझा कण कपड्यावर माझ्या हातानं आला, का दुसऱ्या कुणाच्या पदरावर बसून आला, हे त्याला सांगता येत नाही. मी अंबूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती त्याच पदरानं युनिटमध्ये जाऊन बसली, तर तिच्या शर्टावर राजमणी येमुल सापडणार. आणि वर्ज्य माणूस सापडला की अख्खा माल रद्द. पूर्वभागात प्रत्येक घरातली एक तरी बाई कुठल्या ना कुठल्या युनिटमध्ये जाते. म्हणजे ज्याला माझ्यापासून लांब राहायची गरज नाही, असं एकही घर उरलं नाही.

आधी अंबूबाई यायची बंद झाली. ह्यांच्याजवळ बसायची, माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, ती समोरून आली की गल्लीची दुसरी बाजू धरायला लागली. मग नळावरच्या बाया माझी घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहायला लागल्या. मी गेल्यावर नळ चिंचेनं घासायच्या. किराणावाला माझ्याकडचे पैसे चिमट्यानं उचलायचा. आम्हा तेलुगू लोकांत बतुकम्मा मोठा सण. तरवडाच्या फुलांची चळत रचायची आणि तिच्याभोवती बायांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा. मी फुलं रचून नेली. कुणी काही बोललं नाही, फेर मात्र हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकला आणि माझी फुलं माझ्यापुढंच राहिली. मी ती उचलून घरी आणली आणि खच्चून शिव्या दिल्या, मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही भाषांत. ऐकायला फक्त हे होते. त्यांना बोलता येत नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

आपल्याकडं माणसाचा विटाळ धरायला जातीचं नाव पुरायचं. ते जरा कुठं कमी झालं होतं. आता यंत्र आणलं, वर मशिन खोटं बोलत नाही म्हणायची सोय. जळ्ळं ते यंत्र.

भाग्यानं शपथ मात्र पाळली. दर आठवड्याला सामान घेऊन यायची. अंगात पांढरा प्लॅस्टिकचा झगा, हातात मोजे, तोंडाला फडकं. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायची, चार पावलं मागं सरकायची आणि विचारायची, "भावजी बरे हैत का?" मी पिशवी आत घ्यायची आणि दार लावायची. पहिल्यांदा पिशवी गटारात फेकली होती. पण ह्यांची औषधं होती त्यात, म्हणून मीच पुन्हा जाऊन काढली. इतका राग मला कधी आला नव्हता. आपल्याला जिनं चोर ठरवलं तिचंच आणलेलं खायचं, आणि तेही भिकाऱ्यासारखं दारातून उचलून.

तरीपण मी फोन केला नाही, हे लक्षात ठेवा. कार्ड डब्याखाली पडून होतं. रोज वाटायचं, करावा. मग युनिटमधल्या बाया डोळ्यांपुढं यायच्या, आणि भाग्यापण यायची. कितीही झालं तरी बहीण आहे, आज ना उद्या तो झगा काढून आत येईल, मला मिठी मारून रडेल, म्हणेल, अक्का, चुकलं. मला तेवढंच हवं होतं. युनिट तिलाच लखलाभ असो. तिनं आत यावं, एवढ्यावरच मी अडून बसले होते.

तो दिवस सोमवारचा होता. मी मागं कपडे वाळत घालत होते आणि धप्पकन आवाज आला. पळत आले तर हे खाटेवरून खाली पडलेले. डोकं भिंतीला लागलेलं, लुळा हात अंगाखाली अडकलेला, तोंडातून नुसता घरघर आवाज. मी काखेत हात घालून ओढायला गेले. माणूस अंगानं भरलेला, मला हलेना. दारात येऊन ओरडले, "अंबूबाई! कुणीतरी या गं! हे पडलेत!" समोरची खिडकी उघडली आणि पुन्हा लागली.

तेवढ्यात भाग्या आली. झगा, मोजे, पिशवी. तिला बघून मला देव भेटल्यासारखं झालं, खरंच सांगते. मी सगळं विसरले.

"भाग्या, पळ! ह्यांचे पाय धर, मी डोकं धरते. पिशवी टाक ती."

ती उंबऱ्यापर्यंत आली. आत बघितलं. चेहरा पांढराफटक पडला. एक पाय उचलला आणि तसाच धरला.

"अक्का, उद्या तपासणी आहे गं."

"काय?"

"हुंग्या येतोय युनिटमध्ये. नवं काम आलंय, पहिल्यापेक्षा मोठं. माझ्या केसांत जरी काही गेलं... मी माणूस पाठवते. लगेच पाठवते. दवाखान्याची गाडी बोलावते."

"तुझे भावजी आहेत ते, भाग्या."

"पाच मिनिटांत पाठवते, अक्का!" असं म्हणून ती वळली. गल्लीच्या टोकापर्यंत त्या झग्याचा चुरचुर आवाज येत होता.

माणूस आला, गाडीपण आली. ह्यांना टाके पडले, जीव वाचला. म्हणजे तसं बघितलं तर ती खोटं बोलली नव्हती. पण ती माणसं येईपर्यंत मी फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, रक्ताला पदर दाबून बसले होते, आणि तेव्हाच माझं ठरलं. दवाखान्यातूनच मी सरपोतदार मॅडमना फोन लावला.

"बोला मावशी."

"गठ्ठे माझ्या बहिणीनं दिले," मी म्हणाले. "जाणूनबुजून. मेथीच्या जुडीखाली घालून. लिहून घ्या."

त्यांना आनंद झालेला आवाजात कळत होता. शोषित कामगार पुढं आली, कायदा जिंकला, असलं काय काय म्हणाल्या. मी फोन ठेवला. मला ना रडू आलं ना हसू.

पुढचं भराभर झालं. युनिटला सील लागलं. कंपनीनं सगळं काम दुसऱ्या देशात हलवलं. पूर्वभागात नोंद लपवतात, असा बोभाटा झाला, म्हणून इतर युनिटांचंही काम आटलं. माझं नाव वर्ज्यमधून निघालं. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, "अभिनंदन मावशी, आता तुम्ही जगातल्या कुठल्याही कपड्याला हात लावू शकता." मी विचारलं, "कुठल्या?" हात मोकळे झाले तेव्हा गावात लावायला बटणच उरलं नव्हतं.

गल्लीतल्या बाया आता माझ्या दारासमोरूनच जायच्या. लांब राहायचं कारण संपलं होतं. पण जाताना थुंकायच्या. अंबूबाईनं तर तोंडावर सांगितलं, "तू वर्ज्य होतीस तेच बरं होतं." मी म्हणाले, "तेव्हा खिडकी का लावलीस?" ती निघून गेली.

भाग्या आली ती जामिनावर सुटल्यावर. मी ह्यांना पेज भरवत होते. दाराशी कुणीतरी उभं राहिलं म्हणून मान वळवली. प्लॅस्टिक नव्हतं. मोजे नव्हते. साधी सुती साडी, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. चपला न काढता ती सरळ आत आली, माझ्या हातातली वाटी उडवली आणि फाडकन माझ्या थोबाडीत मारली.

"झालं समाधान?" ती ओरडली. "सगळ्यांना रस्त्यावर आणलंस! आता कोण जेवू घालणार आहे त्यांना, तू?"

ह्यांच्या तोंडून कसलासा आवाज आला. पेज भिंतीवरून ओघळत होती. माझा गाल भाजल्यासारखा झाला होता, आणि त्यावर तिच्या उघड्या तळहाताची ऊब तशीच होती. वर्षभरात घरच्या आणि दवाखान्याच्या माणसांखेरीज मला कुणी हात लावला तो हाच. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच किळस आली.

भाग्याला वाटलं असणार, मी आता शिव्या देईन, किंवा रडेन. मी तिचा हात धरला, घट्ट धरला आणि माझ्या दुसऱ्या गालापाशी नेला.

"आणखी एक मार," मी म्हणाले.

तिनं मारली.